मध्यान्ह दोन वाजता

स्पेनमधल्या क्लायंटसाठी काम करणाऱ्या हिंजवडीतल्या टीमला उन्हाळ्यात साडेपाचनंतर आणि हिवाळ्यात साडेसहानंतर तिकडून उत्तर मिळत नाही. मेल गेलेला असतो, चॅटमधला हिरवा ठिपका पिवळा झालेला असतो, आणि पुढचे दीड-दोन तास काही म्हणता काही हलत नाही. नव्याने लागलेल्या पोराला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. जुनी मंडळी खाली उतरून टपरीवर कटिंग सांगतात. तिकडे दुपारचे दोन वाजलेत आणि माणसं जेवायला बसलीत, हे त्यांना ठाऊक असतं.

जून ते सप्टेंबर आणखी वेगळा प्रकार. स्पेनमधल्या बऱ्याच कचेऱ्यांत उन्हाळ्यापुरती सकाळी आठ ते दुपारी तीन अशी सलग पाळी लागते. मधे जेवणाची सुट्टी नाही, तीनला सुटून मगच जेवायचं. म्हणजे आपल्याकडे साडेसहा वाजले की समोरचा माणूस त्या दिवसापुरता संपला. ऑगस्टबद्दल तर बोलायलाच नको. अर्धा देश समुद्रकिनारी किंवा आजोळी गेलेला असतो. ऑगस्टमध्ये मोठा रिलीज ठेवण्याचा बेत माणूस एकदाच करतो.

पुण्याच्या या पश्चिम टोकाला स्पेन तसा परका नाही. टाटा ऑटोकॉम्प आणि बार्सिलोनाची फिकोसा यांच्या भागीदारीतली, मोटारींचे आरसे बनवणारी टाटा फिकोसा हिंजवडीतच आहे. काचेच्या उंच इमारतींकडे बघणाऱ्यांना ती दिसत नाही, एवढंच. फिकोसा स्वतः १९४९ मध्ये बार्सिलोनातल्या एका छोट्या वर्कशॉपातून सुरू झाली. चाकणला गेस्टाम्प आहे, गाड्यांच्या सांगाड्याचे पत्रे घडवणारी. बिलबाओच्या सीआयई ऑटोमोटिव्हने २०१३ मध्ये महिंद्रांच्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांशी हातमिळवणी केली, आणि तिथून उभी राहिलेली कंपनी २०२३ पासून सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया या नावाने चालते. या सगळ्यामुळे वाकड, माण, मारुंजी, बाणेर इथल्या सोसायट्यांतून बिलबाओ आणि बार्सिलोनाला जाऊन आलेली माणसं निघतात. त्यात २०११ च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’नंतर स्वखर्चाने जाणाऱ्यांची भर पडली. हनिमूनला स्पेन, आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला स्पेन.

जाणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. तिथे व्हेज मिळतं का? आणि काटा कुठल्या हातात धरायचा? पहिला प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येऊच. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात संपतं: काटा डाव्या, सुरी उजव्या हातात, जेवण झालं की दोन्ही ताटलीत शेजारी शेजारी ठेवायचे, आणि मोकळा हात मांडीवर न नेता मनगट टेबलाच्या कडेला टेकवून ठेवायचं. बाकी काट्यासुरीवरून स्पेनमध्ये कुणी कुणाला जोखत नाही. अडचण होते ती घड्याळाची.

पहिल्यांदा गेलेल्या मराठी कुटुंबाची संध्याकाळ ठरलेल्या रस्त्याने जाते. दिवसभर पायपीट झालेली, सातला पोटात कावळे. बाहेर लख्ख ऊन. एका रेस्टॉरंटचा दरवाजा बंद, दुसऱ्याचा उघडा पण आत खुर्च्या उलट्या, तिसऱ्या ठिकाणी वेटर सांगतो, स्वयंपाकघर साडेआठला सुरू होईल. मग एखाद्या चौकातल्या, चार भाषांत आणि फोटोंसकट मेनू लावलेल्या हॉटेलात ते शिरतात. तिथे सातला जेवण मिळतं, कारण ते हॉटेल सातला जेवणाऱ्यांसाठीच चालवलेलं असतं. स्पॅनिश माणूस तिथे फिरकत नाही, आणि पदार्थाची चव पाहता त्यात नवल नाही.

हे उशिराचं जेवण आळसातून आलं असं आपण सहज म्हणून टाकतो. त्याचा मोठा भाग एका सरकारी हुकमातून आलेला आहे. नकाशा काढून पाहिला तर स्पेन इंग्लंडच्या खाली आहे. ग्रिनिचची रेखावृत्तरेषा स्पेनच्या पूर्व भागातून जाते आणि देशाचा बहुतेक भाग तिच्याही पश्चिमेला पडतो. म्हणजे घड्याळ लंडनचं हवं. १९४० पर्यंत ते तसंच होतं. त्या वर्षी मार्चमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं एक तास पुढे नेली आणि स्पेन बर्लिनच्या वेळेला जोडला गेला. युद्ध संपलं, फ्रँको गेला, घड्याळ तिथेच राहिलं. वर उन्हाळ्यात युरोपबरोबर आणखी एक तास पुढे. त्यामुळे उन्हाळ्यात माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमाराला, आणि जूनअखेर मावळतो पावणेदहाला.

आता हिंजवडीकडे बघू. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. आपण बसलोय पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास, त्यामुळे आपला सूर्य प्रमाणवेळेपेक्षा साधारण पस्तीस मिनिटं मागे चालतो. हिंजवडीचा खरा मध्यान्ह साडेबारानंतरचा. इन्फोसिस, विप्रो, कॉग्निझंटच्या कॅन्टीनमध्ये रांगा लागतात त्या साडेबारा ते दीडच्या दरम्यान. माद्रिदच्या कचेरीतली माणसं उठतात दोन-सव्वादोनला. घड्याळ बाजूला ठेवून फक्त सावली पाहिली तर दोन्हीकडे जेवणाची वेळ एकच येते. मुळशीतला भातखाचरातला माणूस सूर्य डोक्यावर आला की बांधावर बसून फडकं सोडतो. स्पॅनिश माणूसही तेच करतोय, त्याच्या मनगटावरचे काटे तेवढे फ्रँकोने फिरवलेले आहेत.

स्पेनमध्येही यावर वाद आहेतच. २०१३ मध्ये तिथल्या संसदेच्या एका समितीने पुन्हा ग्रिनिचच्या वेळेकडे जावं अशी शिफारस केली. २०१६ मध्ये पंतप्रधान राहोय यांनी कामाचा दिवस सहाला संपावा अशी कल्पना मांडली. २०२४ च्या मार्चमध्ये श्रममंत्री योलांदा दियास यांनी रात्री एकपर्यंत रेस्टॉरंटं उघडी ठेवणं शहाणपणाचं नाही असं म्हटलं, तेव्हा माद्रिद प्रांताच्या अध्यक्ष इसाबेल दियास आयुसो त्यांच्यावर तुटून पडल्या. या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो. प्रवाशाने स्वतःचं घड्याळ तिकडच्या पोटाला जुळवून घ्यावं हे बरं.

तसं जुळवून घेणं हिंजवडीकराला जड जाऊ नये. रात्री साडेनऊ-दहाला जेवणं त्याच्या अंगवळणी पडलेलंच असतं. ते भूमकर चौक, शिवाजी चौक आणि वाकडच्या पुलावरच्या वाहतूककोंडीने पाडलं आहे. साडेसहाला निघालेला माणूस आठला कात्रज नाहीतर सिंहगड रोडला पोचला तर शेजारी विचारतात, आज सुट्टी होती का. अमेरिकेचे कॉल असतील तर ताट मायक्रोवेव्हमध्ये अकरापर्यंत थांबतं. म्हणजे वेळ स्पेनची, पण हातात फोन आणि समोर लॅपटॉप. उशिरा जेवण्याचे तोटे सगळे आपल्या वाट्याला आले आणि त्यातली मजा तिकडेच राहिली.

दुपारी दुकान बंद करण्याची पद्धतही पुण्याला नवी नाही. एक ते चार बंद राहणाऱ्या चितळ्यांवर जेवढे विनोद झाले तेवढे स्पेनच्या दुपारच्या झोपेवर, सिएस्तावर, झाले नसतील. त्यांनी २०१७ मध्ये दुकान दिवसभर उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा ती वर्तमानपत्रांची बातमी झाली. स्पेनमधल्या लहान गावांत दुकानं अजून दोन ते पाच बंद असतात. शहरातला नोकरदार मात्र त्या वेळात झोपत नाही, तो जेवत असतो. औषधाच्या दुकानापासून मोबाईलच्या सिमकार्डापर्यंत सगळं दोनच्या आत उरकून घ्यावं, हे पुणेकराला वेगळं शिकवावं लागू नये.

दिवसाची मांडणी अशी: सकाळी दूध घातलेली कॉफी आणि टोमॅटो-तेल चोळलेला भाजका पाव, बस. अकराच्या सुमाराला बारमध्ये उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायचं. इथला बार म्हणजे परमिट रूम नव्हे. सकाळी आजी तिथे कॉफी पिते, शाळेतून आणलेलं पोर दूध पितं, दुपारी पोस्टमन जेवतो. दोन ते चार मुख्य जेवण. सहाच्या आसपास मुलांना आणि मोठ्यांनाही काहीतरी खाऊ. रात्री नऊनंतर हलकं जेवण. दुपारी भरपेट आणि रात्री थोडं हे आपले आजी-आजोबाही सांगायचे. फक्त त्यांचं थोडं सूर्य मावळायच्या आत असायचं.

दुपारच्या जेवणाला कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ मागावा. साठच्या दशकात, पर्यटनमंत्री मानुएल फ्रागा यांच्या काळात, परदेशी पाहुण्यांना ठरलेल्या किमतीत पूर्ण जेवण मिळावं म्हणून हॉटेलांवर जो मेनू लादला गेला त्याचं हे आजचं रूप. पाहुण्यांपेक्षा तो तिथल्या कामगारांनीच उचलून धरला. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड किंवा कॉफी, पाव, आणि पाणी किंवा वाइन. साधारण बारा ते सोळा युरो. आपला माणूस इथे फसतो तो पहिल्या पदार्थाला. समोर येते खोलगट थाळीभर मसूर किंवा पास्ता नाहीतर भात. त्याला वाटतं, हेच जेवण. तो पावाबरोबर सगळं संपवतो, आणि मग दुसरी थाळी येते. आपल्याकडे ताट एकदाच मांडलं जातं: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधे वरणभाताची मूद. कुठून सुरू करायचं आणि कशाबरोबर काय खायचं हे जेवणारा ठरवतो. तिकडे तो क्रम स्वयंपाकघर ठरवतं, आणि भात पोळीच्या आधी आला म्हणून तक्रार करता येत नाही. पाव ताटलीत न ठेवता थेट टेबलाच्या कापडावर ठेवतात, हे पाहून आपल्याकडच्या काकूंच्या कपाळावर हमखास आठी पडते.

शाकाहाऱ्यांसाठी या मेनूत एक वाट आहे. पहिल्या यादीत बहुधा एखादी भाजी, कोशिंबीर किंवा सूप असतं, दुसरी यादी सगळी मांस-मासळीची. अशा वेळी पहिल्या यादीतलेच दोन पदार्थ मागायचे. बहुतेक ठिकाणी खुशीने देतात. मात्र नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. डुकराची खारवलेली मांडी, म्हणजे हामोन, तिथे मांसात धरतीलच याचा भरवसा नाही. ती फोडणीतल्या कढीपत्त्यासारखी कुठेही पडते: हिरव्या शेंगांच्या भाजीत, मटारात, कॉर्दोबाच्या गार टोमॅटो सुपावर, तळलेल्या क्रोकेटाच्या सारणात. साध्या कोशिंबिरीवर टूना मासा असतो, मसुरात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. म्हणून यादीच पाठ करावी: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून. अंडं चालत नसेल तर सिन वेवो. ‘वेखेतारियानो’ हा शब्द सगळ्यांना कळतो, पण त्याची सीमा कुठे आहे यावर एकमत नाही.

चालणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे माणसं पंधरा दिवस फ्रेंच फ्राइजवर काढतात. सेव्हियामध्ये पालक आणि हरभऱ्याची जिरं घातलेली भाजी मिळते, ती खाताना घरची आठवण यावी. गास्पाचो, म्हणजे टोमॅटो-काकडी-मिरचीचं गार सूप. कॉर्दोबाला वांग्याचे तळलेले काप, वर काकवी. पिस्तो ही वांगी-टोमॅटो-दुधी वळणाची शिजवलेली भाजी. पाद्रोनच्या तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, जाडं मीठ भुरभुरलेल्या, त्यातली एखादीच तिखट निघते. अंडं खाणाऱ्यांना बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया. त्यात कांदा असावा की नसावा यावर स्पेनमध्ये घरं दुभंगतात. हे टोमॅटो, बटाटा, मिरची अमेरिकेतून इबेरियाच्या जहाजांनी आणलेले. आपल्याकडेही ते त्याच जहाजांतून उतरले. १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगालचं राज्य स्पेनच्या राजाकडे होतं, आणि त्या काळात गोव्याबरोबर वसई आणि चौल ही कोकणातली ठाणीही माद्रिदच्या दरबाराची झाली होती. वडापावातल्या बटाट्याचा आणि मिरचीचा गोतावळा तिकडे सापडतो तो त्यामुळे.

काहीच जमलं नाही तर माद्रिदच्या लावापिएस भागात आणि बार्सिलोनाच्या रावालमध्ये ‘इंडियन’ पाट्या आहेत. चालवणारे बहुतेक बांगलादेशी किंवा पाकिस्तानी. डाळ मिळते, रोटी मिळते. टूर कंपन्यांच्या बसेस अशाच ठिकाणी साडेसातला थांबतात. त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. पासष्टीच्या माणसाला आठव्या दिवशी वरणभात हवा असतो आणि त्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात. फक्त रोज रात्री तिथेच जेवून आल्यावर स्पेनच्या जेवणाबद्दल मत देऊ नये.

आता खरी अवघड गोष्ट, उष्टं. स्पेनमध्ये चारजण जेवायला बसले की बरेचदा चार वेगळे पदार्थ मागवत नाहीत. मधे तीन-चार थाळ्या ठेवायच्या आणि ज्याने त्याने आपल्या काट्याने त्यातलं उचलायचं. काटा तोंडात जातो, परत थाळीत येतो. मित्रमंडळींत वाढायचा चमचा मागणं म्हणजे अंतर राखणं. व्हॅलेन्सियाकडे तर पाएया हा भाताचा पदार्थ थेट कढईतून खातात. सगळे भोवती बसतात, लाकडी चमचे हातात, आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्या तुकड्यातूनच खायचं. शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घातला तर त्याला हटकतात. आपल्याकडे उष्टं-खरकटं हा हाडात मुरलेला विचार. ज्या घरात पाण्याचा पेला ओठांना न लावता वरून प्यायला शिकवलं, तिथल्या माणसाला हे पाहून पहिल्यांदा घास उतरत नाही. मात्र हिंजवडीच्या मुलामुलींचं यात फारसं अडत नाही. कॅन्टीनमध्ये सहा डबे उघडले की मधला शेंगदाण्याचा ठेचा कुणाचा होता हे पाचव्या मिनिटाला कुणी सांगू शकत नाही. जातीपातीच्या पंगती जिथे मोडल्या त्या जागांत या कॅन्टीनचं नाव घ्यायला हवं, पण तो वेगळा लेख.

मधल्या थाळीत शेवटचा एक तुकडा उरतो. तो कुणी घेत नाही. सगळे त्याच्याकडे बघतात, बोलत राहतात, आणि तो लाजेचा तुकडा म्हणून पडून राहतो, शेवटी कुणीतरी दुसऱ्याला तो घ्यायला भाग पाडेपर्यंत. आग्रह आपल्याकडे वाढणारा करतो, तिथे शेजारी बसलेला करतो.

पाएयाबद्दल एक-दोन गोष्टी. ती दुपारची, शक्यतो रविवारची. रात्री पाएया मागणारा पर्यटकच असतो. व्हॅलेन्सियाच्या मूळ पाएयात कोंबडी, ससा आणि शेंगा असतात, कोळंबीची पाएया हा वेगळा पदार्थ. भाज्यांची मिळते, पण भात ज्या पाण्यात शिजवतात ते कोंबडीचं की माशाचं हे विचारून घ्यावं. किमान दोघांसाठी करतात आणि अर्धा तास तरी थांबावं लागतं. तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा, पाणी भरपूर पिऊन न फुटणारा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या इंद्रायणीवर वाढलेल्या माणसाला तो जरा फडफडीत वाटेल. तळाची खरवड मात्र सगळ्यात मानाची. आपल्याकडे ती घासताना शिव्या खाते, तिथे तिच्यासाठी चमचे भांडतात.

आणि हाताने खाण्याची चोरी नाही. कोळंबी हाताने सोलतात, हामोनचे काप बोटांनी उचलतात. कातालोनियात जानेवारी ते मार्चमध्ये काल्सोत नावाचे लांब पातीचे कांदे द्राक्षवेलींच्या फांद्यांच्या जाळावर करपवतात, वरचं काळं साल ओढून काढतात, बदाम-टोमॅटोच्या चटणीत बुडवतात आणि मान मागे टाकून वरून तोंडात सोडतात. गळ्यात लाळेरं, हात कोपरापर्यंत काळे. वाय्स गावात जानेवारीच्या शेवटच्या रविवारी त्याची जत्राच भरते. याच दिवसांत आपल्याकडे शेतावर हुरड्याच्या पार्ट्या चालू असतात. बार्सिलोनाहून आलेल्या पाहुण्याला पुण्यात पंचतारांकित जेवण घालण्यापेक्षा आगटीजवळ बसवून गरम हुरडा तळहातावर चोळून द्यावा. त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

बारमधले नियम गावागणिक बदलतात. ग्रनादात पेय मागितलं की त्याबरोबर खायला फुकट येतं आणि ते काय असेल हे आपण ठरवत नाही, म्हणून शाकाहाऱ्याने पेय मागतानाच सांगावं. सान सेबास्तियानला काउंटरवर पावाच्या चकत्यांवर काड्या टोचून पदार्थ मांडलेले असतात. उचलत जायचं, शेवटी किती झाले ते आपणच सांगायचं. जुन्या गर्दीच्या बारमध्ये कागदी रुमाल आणि ऑलिव्हच्या बिया सरळ खाली टाकतात, आणि पायाखाली कचरा जास्त तो बार चांगला असा समज होता. आता तो कमी होत चाललाय. परदेशात कचरा टाकायचा नाही हे आयुष्यभर ऐकलेला आपला माणूस तिथे हातातला चुरगळलेला कागद खिशात घालून हॉटेलवर परततो. दारू न पिणाऱ्यांनी मोस्तो मागावा, द्राक्षाचा गोड रस. बिनअल्कोहोलची बिअरही सर्रास मिळते. पाण्याच्या पेल्याने चिअर्स करणं मात्र अशुभ समजतात.

पाण्यावरून आठवलं. २०२२ च्या कचरा कायद्यानुसार रेस्टॉरंटने नळाचं पाणी मोफत द्यायला हवं. मागितलं नाही तर बाटली येते आणि बिलात लागते. टेबलावर आपोआप आलेला पावही बरेचदा बिलात असतो. टिप बंधनकारक नाही, सुटे ठेवले तरी पुरे. उरलेलं बांधून नेणं आधी जरा संकोचाचं मानलं जायचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या अन्ननासाडीविरोधी कायद्याने तो हक्कच केला, बुफे सोडून. पार्सलची सवय असलेल्या पुणेकरांना कायद्याची ही मदत उशिराच मिळाली.

बिल मात्र कुणी आणून देत नाही. इथेच दोन संस्कृतींचा सगळ्यात मोठा घोळ होतो. पुण्यात शनिवारी रात्री शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेपेची वाटी आणि बिलाची वही येते, कारण दारात पंधराजण नंबर लावून उभे असतात. स्पेनमध्ये न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणं. त्यामुळे आपली माणसं तासभर ताटकळतात, सर्व्हिस वाईट म्हणून ऑनलाइन एक तारा देऊन येतात, आणि वेटर बिचारा त्यांना त्रास नको म्हणून लांब उभा असतो. ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’ म्हणायचं, एवढंच. वाढदिवस असेल तर ज्याचा वाढदिवस त्याने इतरांना खाऊ घालायचं, हे आपल्यासारखंच. एरवी बिलावरून काउंटरपाशी होणारी ओढाताण पाहिली की चिंचवडच्या एखाद्या लग्नानंतरचे व्याही आठवतात.

ताटल्या उचलल्यानंतर स्पॅनिश माणसं उठत नाहीत. आधी गोड, मग कॉफी, दोन्ही एकत्र नाही. आणि मग नुसतं बसणं. एक तास, रविवारी दोन-तीन. याला ते सोब्रेमेसा म्हणतात. कामाच्या जेवणात कामाचा विषय बहुधा कॉफी आल्यावरच निघतो. त्याआधी तुमचं गाव, मुलं, क्रिकेट म्हणजे नेमकं काय असतं, तुमच्या देशात खरंच लग्नाला पाचशे माणसं येतात का. हिंजवडीतून गेलेला टीम लीड पहिल्या पदार्थाबरोबर टायमलाइन काढतो, कारण तो पंचेचाळीस मिनिटांच्या लंचब्रेकमध्ये तयार झालेला असतो. समोरचे नम्रपणे ऐकतात आणि पावाचा तुकडा मोडतात. करार त्यामुळे फिसकटत नाही, पण पुढच्या वेळी जेवायला कोणी बोलवत नाही.

ज्या जमिनीवर हिंजवडीचा आयटी पार्क उभा आहे तिथे असं बसणं होतं. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाच्या यात्रेत हिंजवडीहून वाकडकडे बगाड निघतं, तेव्हा गावातल्या घरांत अजूनही पाहुण्यांचा राबता असतो, आणि जेवल्याशिवाय कुणी सुटत नाही. पान खाऊन, भिंतीला पाठ टेकून, ऊन उतरेपर्यंत गप्पा. त्या घरांना लागून उभ्या असलेल्या पंचवीस मजली इमारतींत राहणाऱ्यांच्या रविवारी मात्र जेवण डिलिव्हरीवाल्याच्या बाइकवरून येतं आणि सिनेमा बघता बघता संपतं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. सोमवारी सकाळी आठला भूमकर चौकात उभं राहायचं असेल तर रविवारी दुपारी झोपच काढावी लागते.

स्पेनमध्ये घरी जेवायला बोलावणं ही मोठी गोष्ट. भेटीगाठी बाहेरच होतात, कारण घरं लहान आणि बार जवळ. बोलावलंच तर दहा-पंधरा मिनिटं उशिरा जावं, वेळेच्या आधी कधीच नाही. पेस्ट्रीच्या दुकानातून गोड न्यावं किंवा वाइन. शेवंतीची फुलं नेऊ नयेत, ती तिथे स्मशानात वाहतात. दारात दोन्ही गालांना गाल लावून भेटतात, बायकांशी पुरुषही. अवघडल्यासारखं झालं तर हात पुढे करावा, कुणी वाईट वाटून घेत नाही. आपल्या घरून न्यायचं असेल तर बाकरवडी उत्तम ठरते. चकली कडक लागते आणि श्रीखंडाच्या वड्या त्यांना फार गोड होतात, असा जाऊन आलेल्यांचा सूर आहे.

उलटा प्रवासही होतो. चाकणच्या कारखान्यात महिनाभरासाठी आलेला स्पॅनिश इंजिनिअर कधीतरी बाणेर-वाकडच्या एखाद्या घरी जेवायला येतो. तिखटाने त्याचं फार बिघडत नाही. गोड आणि तिखट एकाच ताटात पाहून तो गोंधळतो, पण निभावतो. अडतो तो दुसऱ्याच गोष्टीपाशी. ताट वाढून झालेलं आहे, वहिनी स्वयंपाकघरात तव्यापाशी उभ्या आहेत आणि आतून सांगताहेत, करा सुरू, पोळी गार होईल. तो मनगटं टेबलाच्या कडेला टेकवून बसून राहतो. सगळे बसल्याशिवाय, आणि जिने रांधलं ती बसल्याशिवाय, घास उचलायचा नाही हे त्याच्या आईने त्याला शिकवलेलं आहे. दादा म्हणतात, तिचं असंच असतं, ती मागनं जेवते. हे वाक्य इंग्रजीत सांगितलं की फार वाईट ऐकू येतं. दोन-तीनदा आग्रह होतो, आतून पुन्हा हाक येते, वरणावर साय धरते. ज्या घरी असे पाहुणे वरचेवर येतात तिथे आता सगळ्या पोळ्या आधीच लाटून कॅसरोलमध्ये भरून ठेवतात आणि चारही माणसं एकदम बसतात. तव्यावरून थेट ताटात येणाऱ्या फुगलेल्या पोळीला पाहुणा मुकतो. वहिनी मात्र त्या दिवशी पहिल्या वाफेचा भात खातात.